त्यांनी तिथं वहिनींचं नाव घेतलं

“काही होणार नाही ना हो?” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मशीनचं बटण दाबण्याआधी, माझ्या स्कूटरवर मागं बसण्याआधी, कँटीनची कढी पिण्याआधीसुद्धा. उत्तराची वाट न बघता ते शर्टाच्या खिशातल्या बायबलच्या छोट्या नव्या कराराला हात लावत आणि मग बटण दाबत, बसत, पीत. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आम्ही आमच्या या माणसाला हसायचो.

फरीदाबादच्या त्या कारखान्यात गाड्यांचे पार्ट बनत. जपानी कंपनीशी नुकताच करार झाला होता आणि आम्ही राहायचो त्या सेक्टरात निम्मे प्लॉट अजून मोकळे होते. ते क्वालिटीला, मी स्टोअरला. मराठी आम्ही दोघंच. मी पुण्याचा, ते नगरकडचे ख्रिस्ती, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. कामगार त्यांना पादरीजी म्हणत. “अरे भई, हम पादरी नहीं हैं, क्वालिटी में हैं,” असं ते दरवेळी तितक्याच गंभीरपणे सांगत.

त्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, छातीत गाठ निघाली. तुकडा तपासायला दिला. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. ते आठ दिवस त्यांनी कसे काढले ते मी पाहिलंय. कप उचलला की बशीत चहा सांडायचा. गेजचं माप तीन-तीनदा घ्यायचे आणि तरी कागदावर चुकीचं लिहायचे. पहाटे चारला उठून प्रार्थना करत. “पण शब्द छतापर्यंत जातात आणि खाली पडतात,” एकदा म्हणाले.

नेमका त्याच आठवड्यात एक जपानी इंजिनिअर मायदेशी परत निघाला. जाण्याआधी त्याला दिल्लीतलं एक बुद्धमंदिर बघायचं होतं. यांचं इंग्रजी बरं, म्हणून साहेबांनी सोबत यांना धाडलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबाच उघडला नाही.

“मी काल एक वाईट काम केलं,” ते हळूच म्हणाले.

“काय केलंत?”

“तो पुढं जाऊन बसला. मी दारापाशीच थांबणार होतो, पण पाय दुखत होते म्हणून मागं टेकलो. कुणी काही बोलत नव्हतं. एक बाई कोपऱ्यात फुलांचे देठ खुडत होती, तेवढाच आवाज. आणि माझी भीती गेली हो. सहा दिवसांत पहिल्यांदा. बघतो तर माझे हात जोडलेले. आणि तोंडातून हिचं नाव गेलं होतं. समोर ती मूर्ती.”

“मग त्यात काय एवढं? आम्ही तर रस्त्यात दिसेल त्याला नमस्कार करतो.”

“तुमचं बरं आहे.” त्यांचा आवाज चढला. “माझ्या आजोबांचे सख्खे भाऊ बौद्ध झाले, तर आजोबांनी त्यांच्या घरचं पाणी सोडलं. भाऊ मेले तरी आजोबा गेले नाहीत. आणि मी? जी शांती प्रभूकडं मागत होतो, ती तिथं घेऊन आलो. आता रिपोर्ट चांगला आला तर आभार कुणाचे मानू? आणि वाईट आला तर...”

माझं हसू कुठल्या कुठं गेलं. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही भीती वाटली. उगाचच, त्यांच्यामुळं.

रिपोर्ट आणायला मी बरोबर गेलो. दवाखान्याबाहेर कडुलिंबाखाली वहिनी बाकावर बसल्या होत्या. पाकीट हातात आलं, पण ते उघडेनात.

“आधी तुला एक सांगायचंय,” ते म्हणाले. “उघडल्यावर सांगितलं तर ते खरं राहणार नाही.” आणि माझ्यासमोरच त्यांनी सगळं सांगितलं, लहान मुलासारखं खाली बघत.

वहिनींनी शांतपणे ऐकलं. “नाव माझंच घेतलंत ना? दुसऱ्या कुणाचं नाही ना?”

“तुझंच.”

“मग आणा ते पाकीट.”

वहिनींनी स्वतःच फोडलं, वाचलं आणि घडी घातली. रिपोर्ट वाईट होता. “माझ्यामुळं,” एवढंच ते पुटपुटले.

वहिनींनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. “गाठ दिवाळीच्या आधीपासून आहे. तुम्ही तिथं गेलात परवा. शिक्षा-बिक्षा काही नाही. गाठ आहे, डॉक्टर कापतील. चला, तारीख घेऊ.”

ऑपरेशन झालं. पुढं वर्षभर सुया, उलट्या, गळणारे केस. त्या काळात मी एकदा विचारलं, “देवाशी मिटलं का तुमचं?” म्हणाले, “माहीत नाही. पण आता मी त्याला सगळंच सांगतो, ते मंदिरातलंसुद्धा. अजून तरी रागावलेला दिसत नाही.” आणि दचकून आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं तर नाही म्हणून.

वहिनी बऱ्या झाल्यावर ते नोकरी सोडून नगरला गेले. मग नुसती ख्रिसमसची कार्डं.

दोन वर्षांपूर्वी फोन आला तो वहिनींचा. ते गेले होते. सकाळी पेपर वाचता वाचता, खुर्चीतच. “मी आधी जाणार असंच धरून चाललो होतो आम्ही,” वहिनी म्हणाल्या. “मी नसताना भात कसा लावायचा ते शिकले होते. माझ्या गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहून ठेवल्यात. यांना स्वतःला धाप लागायची, ते मात्र कधी बोलले नाहीत.”

फोन ठेवल्यावर मी खूप वेळ आठवत बसलो. एवढा भित्रा माणूस, पण बटण, स्कूटर आणि कढी सोडली तर स्वतःसाठी घाबरलेला मला एकदाही आठवेना.