पंचमीच्या दिवशी वन्संचा तास

एकोणीस मुलींनी हातातले चाकू बाकांवर ठेवले आणि इन्स्पेक्टरसाहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी मान खाली घालून म्हणाली, "बाई, मले नाही कापता येणार. आज पंचमी आहे. आईनं सांगलं, आज विळीला हात नाही लावायचा." मागून दुसरी म्हणाली, "आमच्या घरी पण तसंच आहे बाई." माझी नणंद फळ्यापाशी उभी होती, एका हातात काकडी, दुसऱ्या हातात चाकू. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं, की आज नागपंचमी आहे हे हिला आत्ता, आमच्या डोळ्यांदेखत समजतंय. सकाळी निघताना सासूबाईंनी उकडलेली पुरणाची चार दिंडं खाऊन आली होती. वर्षातून एकदाच दिंडं होतात आमच्याकडे. ती खाऊनसुद्धा हिच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

रागात मी एकेरी लिहून गेले. तोंडावर मी त्यांना जन्मभर वन्संच म्हटलं, आणि बुऱ्हाणपुरात त्यांच्याइतकी हुशार आणि त्यांच्याइतकी बेसावध बाई दुसरी झाली नाही हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या नागपूरला मामाकडे राहून बी.एस्सी. करून परत आल्या होत्या. मी चौथी पास. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटलं, बांगड्या बघतायत. त्या नाडी मोजत होत्या. म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही घाबरलेल्या आहात." नवी नवरी घाबरणार नाही तर काय करणार?

घरातली कुठलीही वस्तू त्यांच्यापासून सुखरूप नव्हती. मी उसळीला मटकी मोड आणायला बांधली, की रोज त्यातले पाच दाणे जायचे आणि ओल्या कापसावर बसून देव्हाऱ्याच्या कोनाड्यात वाढायचे, कारण तिथे अंधार आणि ऊन दोन्ही नेमकं मिळतं. सासूबाई पूजेला बसल्या, की देवाच्या आधी मटकीचं दर्शन. हळदीकुंकवाला मोगऱ्याचा गजरा दिला तर डोक्यात माळायच्या आधी एक फूल उलटं करून पाकळी पाकळी सोडवायच्या आणि शेजारणीला दाखवायच्या. एकदा मामंजी आंघोळीला बसले, बादलीत तांब्या घातला, तर तांब्यात बेडूक आला. मामंजी पंचा सावरत अंगणात. वन्सं म्हणाल्या, "बाबा, हळू, एकच आला ना? आत चार आहेत." मामंजी त्या दिवशी आंघोळीवाचून दुकानावर गेले.

स्थळं यायची. एकदा खंडव्याचा मुलगा बघायला आला, चांगला गोरा, सरकारी नोकरीचा. वन्सं पोह्यांची बशी घेऊन गेल्या आणि खाली बघायचं सोडून मुलाच्या कानाकडे बघत राहिल्या. मग मुलाच्या आईच्या कानाकडे. मग वडिलांच्या. शेवटी बोलल्याच, "तुमच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे, आईवडिलांची दोघांची सुटी आहे. असं होतं कधी कधी, काही वाईट नाही." मुलाचे वडील पोहे अर्धे टाकून उठले. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. मी मात्र त्या रात्री सगळ्यांचे कान बघून घेतले, खोटं का बोलू.

तेवढ्यात राज्यांची नवी वाटणी झाली. कालपर्यंत आमचे कागद नागपूरला जायचे, आता भोपाळला जाऊ लागले. नागपूर पलीकडच्या राज्यात गेलं आणि वन्संची पदवी एका दिवसात परराज्याची झाली. मुलींच्या हायस्कुलात त्या जीवशास्त्र शिकवायला तात्पुरत्या लागल्या होत्या. आता निरोप आला, की नवे साहेब येऊन तास बघतील, तास हिंदीतून घ्यायचा, शेरा चांगला मिळाला तर नोकरी कायम. मामंजींनी पण आपला निरोप देऊन टाकला. "शेरा आला तर तू बाई हो. नाही आला, तर जळगावच्या बिजवराला मी दिवाळीनंतर होकार कळवतो. मग कुरकुर नको." जळगावच्या बिजवराला तीन मुलं होती. वन्सं म्हणाल्या, "चालेल." आणि माझ्याकडे वळून, "वहिनी, आजपासून तुम्ही माझा वर्ग."

दोन महिने मी वर्ग झाले. चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होते आणि वन्सं पाटावर उभ्या राहून हिंदीतून मला हृदयाचे चार कप्पे समजावत होत्या. आमची हिंदी इतवाऱ्याच्या बाजारात भाजी घेण्यापुरती. त्या म्हणायच्या, "अब देखो, खून इधर से आता और उधर से निकलता." मी म्हणायची, "तो भाकर जली." बोलता बोलता थांबून प्रश्न विचारायच्या. उत्तर चुकलं तर भाकरी त्या उलटायच्या, बरोबर आलं तर मी. हळूहळू मीच जास्त भाकरी उलटू लागले. मला ते सगळं इतकं आवडलं, की हे कुणाला सांगायचीसुद्धा मला लाज वाटायची.

साहेबांच्या पत्रात तारीख होती. त्या तारखेला पंचमी आहे हे घरात मला ठाऊक होतं. भेंड्या, काकड्या, वांगी मीच टोपलीत भरली, शाळेचा शिपाई सणाचा आला नव्हता म्हणून टोपली डोक्यावर घेऊन मीच गेले. मला वाटलं मुली भाज्यांची चित्रं काढणार. टोपलीच्या तळाशी वन्संनी एकोणीस चाकू घातलेत हे मला वर्गात कळलं. तेव्हा चूक निम्मी माझी. ती मी कबूल करते.

तर चाकू खाली. साहेब ग्वाल्हेरकडचे, त्यांना मराठी येत नव्हती. शाळेच्या मोठ्या बाईंनी त्यांना कानात सांगितलं. साहेब म्हणाले, "विज्ञान की कक्षा में यह सब चलता है? मैडम, कटवाइए." मोठ्या बाई घाबरून मुलींवर ओरडल्या, "उचला चाकू! एकेकीचं नाव लिहून घेते!" पुढची मुलगी रडायला लागली आणि रडत रडत चाकूला हात घालू लागली. मी दारापाशी भिंतीला टेकून उभी. मनात म्हटलं, संपलं. जळगाव.

वन्संनी तिच्या हातावर हात ठेवला. "राहू दे गं." मग साहेबांना म्हणाल्या, "सर, ये आज काटेगी तो आँख बंद करके काटेगी. फिर देखेगी क्या?" साहेबांनी परत घड्याळ बघितलं. वन्सं वर्गभर नजर फिरवत होत्या, टोपली, बाक, खिडकी. मग एकदम ओरडल्या, "वहिनी! मोठ्या बाईंच्या टेबलावरची फणी! धावा!"

मी धावले. लग्न झाल्यापासून मी धावले नव्हते. मोठ्या बाईंच्या खोलीत साहेबांच्या फराळाला केळ्यांची अख्खी फणी आणि दुधाचा पेला झाकून ठेवला होता. फणी उचलली, पदर खांद्यावरून खाली, चपला तिथेच. परत आले तर वन्संनी माझ्या हातातून फणी हिसकलीच. दोघींत एक केळं वाटलं. "सोला. चाकू नको. आता नुसत्या बोटानं टोकावर दाबा. हळू. देखो क्या होता है."

वन्संनी स्वतःचं केळं वर धरलं, टोकावर अंगठा दाबला, आणि ते केळं सुरेख उभं उमललं, तीन फाकांत. न कापता, न मोडता. वर्गात "अय्या!" झालं. मग सगळ्या बाकांवर केळी उमलायला लागली. आमचं सगळं खोरं केळीचं, त्या मुली केळ्यांवर वाढलेल्या, आणि केळ्यात तीन कप्पे असतात हे एकीलाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. एक म्हणाली, "बाई, मधात काळे काळे ठिपके आहेत!" वन्सं अशा उजळल्या, की हिंदी बिंदी सगळं विसरल्या. "ते बी होणार होतं, झालं नाही! म्हणून आपण केळीचा कंद लावतो, बी नाही पेरत! तुझे बाबा काय लावतात?" "कंद, बाई!" "का?" "बी नाही म्हणून!" रडणारी मुलगी बाकावर उभी राहून उत्तरं देत होती. वन्सं मध्येच भानावर येऊन हिंदीत शिरायच्या, परत मराठीत घसरायच्या, आणि शेवटी तर उरलेलं एक केळं सोलून साहेबांच्याच हातात दिलं. "सर, आप दबाओ. अंगूठे से." साहेबांनी दाबलं. तीन फाका झाल्या. त्यांनी एकेक फाक उलटसुलट करून बघितली. मग म्हणाले, "मैडम, आपने तो मेरा नाश्ता पढ़ा दिया," आणि खाऊन टाकलं.

शेरा पोळ्यानंतर आला. काय लिहिलं होतं ते मोठ्या बाईंनी वाचून दाखवलं, मला त्यातलं "स्थायी" एवढंच समजलं आणि तेवढंच पुरे होतं. मामंजींनी जळगावला नकाराचं पत्र टाकलं आणि त्या संध्याकाळी स्वतः जाऊन पावशेर दराबा, आमच्याकडची रव्या-तुपाची मिठाई, आणला. घास तोंडात घालताना म्हणाले, "बेडूक तेवढे शाळेत ठेव आता."

वन्सं शेवटपर्यंत त्याच शाळेत राहिल्या. लग्न केलं नाही. किती मुली डॉक्टर झाल्या, नर्स झाल्या, मी मोजल्या नाहीत, त्यांनी पण नाही. माझ्या मुलीला आणि नातीलाही त्यांनीच शिकवलं. म्हातारपणी ऐकू कमी यायचं, तरी स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसायच्या आणि मला काहीबाही विचारायच्या. उत्तर मी मोठ्याने द्यायची. गेल्या वर्षी त्या गेल्या. दुपारच्या झोपेतच. मीच हात धरून बघितला, नाडी कुठे बघायची ते मला येत होतं.

साहेबही गेले असणार, मोठ्या बाई तर फार पूर्वीच गेल्या. त्या दिवशी त्या वर्गात आम्ही चार मोठी माणसं होतो. त्यातली आता मी आहे.