टाकीच्या झाकणावरचं कुंकू

वडीगोद्रीजवळ हायवेला आमचं लग्नाचं लॉन्स आहे. तिथलं गवत कापायचं, वर बसून चालवायचं मशीन मी कुणाच्या हातात देत नाही. तुळशीच्या लग्नानंतरची पहिलीच तारीख दोन दिवसांवर आली आणि ते बिघडलं. दहा मिनिटं बराबर चालायचं, मग धक्के खात बंद पडायचं. मी प्लग बदलला, फिल्टर साफ केला, कार्बोरेटर धुतला आणि पेट्रोल भेसळीचं म्हणून पंपवाल्याच्या नावानं बोटं मोडली. परतूरचा मेकॅनिक फोनवर म्हणाला, इंजिन खोलावं लागेल. माझं डोकंच फिरलं.

"टाकीत पेट्रोल तरी हाय का ते बघा," बायको म्हणाली.

चिडूनच झाकण फिरवलं, तर सुस्स करून हवा आत ओढली गेली. झाकण ढिलं ठेवून मशीन चालू केलं आणि अर्धं लॉन एका दमात कापून झालं.

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं; हवा आत गेली नाही तर पेट्रोल इंजिनात उतरत नाही. ते हळदीकुंकवाच्या वाळलेल्या थरानं बुजलं होतं. दसऱ्याला मशीनची पूजा मीच केली होती. बायको एक बोट पुरे म्हणत होती. एवढ्या मोठ्या मशीनला एकच बोट मला बरं दिसेना.

टाचणीनं भोक मोकळं केलं, तेव्हा कुठं जिवात जीव आला. मेकॅनिकला फोन करून येऊ नको म्हणालो. त्यानं विचारलं, काय झाल्तं?

"कचरा अडकला होता," मी म्हणालो.

बायकोनं फोनजवळ तोंड आणलं. "कचरा न्हाई भाऊ. यांनी पूजा जास्त केल्ती."