हँडलवाल्या कंपनीची जागा

दौंडच्या कडेला सायकलच्या हँडलांना चकाकी देणारा एक कारखाना होता. गिताबाई तिथं अकरा वर्षं कामाला होत्या. माहेरची माणसं मेंढरं घेऊन हिंडलेली, सासर खुटबावचं, जेमतेम शेती. पगार घेणारी घरातली पहिली बाई म्हणून त्यांना कोण अभिमान. हँडलं बुडवायच्या हौदातलं पिवळं पाणी हातांवर उडायचं, बोटांना बारीक खड्डे पडायचे आणि ते भरून यायला महिना लागायचा. मालक खोबरेल तेलाची बाटली देऊन मोकळा व्हायचा.

१९९६ साली कारखाना बंद पडला. आवारात वेड्या बाभळी माजल्या, शेजारच्या विहिरीचं पाणी पिवळं झालं. बारा वर्षांनी नगरपालिकेनं ती जागा घेतली. तिथं मुलींसाठी मैदान करायचं ठरलं, पण आधी जमीन साफ व्हायला हवी होती. त्यासाठी पुण्याहून अपेक्षा नावाची तरुण इंजिनियर आली. बाभळी तोडायला बायका लावल्या, त्यांत गिताबाईही होत्या.

अपेक्षानं कारखान्याच्या शेडमागची माती तपासायला पाठवली. तिच्यात विष निघालं, पण थोडंच. एवढ्यानं विहीर पिवळी होणार नाही, हे तिला कळत होतं. रोज नकाशा पसरून ती डोकं धरून बसायची.

गिताबाईंना सगळं ठाऊक होतं. हौदाच्या तळचा गाळ मालकानं सायकल स्टँडच्या जागी खड्ड्यात टाकायला लावला होता, आणि वर फरशी घातली होती. घमेली वाहिली होती गिताबाईंनीच.

घरी त्यांनी नवऱ्याला, सोपानरावांना, हे सांगितलं.

"तुझ्या हातनं झालंय म्हनल्यावर तुलाच धरतील. गप ऱ्हा," ते म्हणाले.

"पोरी खेळणार हायेत तिथं. मी सांगणार."

सकाळी त्या अपेक्षापुढं उभ्या राहिल्या. "मॅडम, तुम्ही भलतीकडंच उकरताय."

"मग कुठं उकरू, मावशी?"

गिताबाईंनी तिला सायकल स्टँडवर नेलं. "हितं. आन् ह्यो गाळ मीच टाकलाय. काय करायचं ते करा."

अपेक्षानं त्यांची बोटं हातात घेऊन पाहिली. जुने खड्डे अजून दिसत होते. "तेव्हा हातमोजे दिले होते कुणी?"

"न्हाई."

"मग तुम्हाला कोण धरणार? उद्यापासून या बायकांच्या मुकादम तुम्ही."

फरशी फोडली तर खाली पोपटी-पिवळा गाळ, पुरुषभर खोल. मशीन उकरायचं, बायका पोती भरायच्या. गमबूट एवढे मोठे की आत चिंध्या कोंबाव्या लागल्या. त्यांच्यातलीच साखरबाई एकमेकींना धरून चालणाऱ्या बायकांकडं बघून हसत सुटली आणि स्वतःच आपटली. तोंडावरचा मास्क मात्र तिनं काढून टाकला. "ह्या तोबऱ्यात जीव घुसमटतोय."

गिताबाईंनी आपला हातमोजा काढला आणि बोटं तिच्या नाकासमोर धरली. साखरबाईनं मुकाट्यानं मास्क लावला. पुढं तीन आठवडे कुणी तक्रार केली नाही.

पोती ट्रकनं रांजणगावला गेली, तिथं असला कचरा बंदोबस्तात पुरायची सोय होती. खड्ड्यात नवी माती पडली. पुन्हा तपासणी झाली, आणि अपेक्षा कागद हलवत पळतच आली, "मावशी, माती पास झाली." विहिरीला मात्र अजून काही वर्षं लागणार होती. तिला कुंपण घालून पाटी लावली.

मैदान सुरू झालं त्या दिवशी भाषणं लांबली. ती संपायच्या आत साखरबाईनं पदर खोचला, चुन्याची रेघ ओढली आणि हुतूतू मांडला. गमबूटवाल्या सगळ्या बायका उतरल्या. छप्पन वर्षांच्या गिताबाई दम धरून पलीकडं शिरल्या, दोघींना शिवल्या आणि परत येताना चौघींनी त्यांना मातीत लोळवलं. केसांत, तोंडात माती गेली. त्या पडल्या पडल्याच हसत होत्या.

कडेला उभे असलेले सोपानराव शेजाऱ्याला सांगत होते, "मुकादमीन हाय ती हितली."