कलम बारा आणि आबांची मूठ

आमच्या घरी छापील कागद आला की तो आधी माझ्यापुढे येतो. रेशनचा फॉर्म असो नाहीतर औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, वाचणार मीच. ही सवय आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी लावली. त्यांना स्वतःला वाचता येत नाही. मी लहान असताना जत तालुक्यात पाण्यासाठी मोर्चे निघायचे. तिथं वाटलेली पत्रकं आबा नीट घडी घालून आणायचे आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. संध्याकाळी मेंढरं जाळीत कोंडून झाली की त्यातलं एक काढून माझ्यापुढं धरायचे. म्हणायचे, "वाच. दमानं. एक शबुद सोडू नगंस."

मी अशी पत्रकांवर वाचायला शिकले. पुढं सांगलीला कॉलेजात गेल्यावर स्वतःच पत्रकं लिहायला लागले. एसटीच्या पासाबद्दल लिहिलं, वसतिगृहातल्या कोरड्या नळांबद्दल लिहिलं. माझी तेव्हा पक्की समजूत होती की अन्याय कागदावर लिहिलेला असतो, आणि तो मोठ्यानं वाचून दाखवला की अर्धा मरतो.

म्हणून थोरल्या बहिणीचं, अक्काचं लग्न ठरलं आणि मंगल कार्यालय बघायची वेळ आली, तेव्हा मी जाणार हे कुणी ठरवावंही लागलं नाही.

कार्यालय घ्यायला लागलं ते पाण्यामुळं. लग्न मे महिन्यात होतं. मे महिन्यात आमच्या गावात टँकर कधी येईल हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं. दारात मांडव घालून एवढ्या माणसांना प्यायला काय द्यायचं? मुलाकडचे कडेगावचे. आमच्याच समाजाचे, पण त्यांच्या रानात कालवा आला, मेंढरं गेली आणि ऊस उभा राहिला. तेच म्हणाले, मध्यावर सांगलीत कार्यालय बघू.

आबा, माझे चुलते तात्या आणि मी असे तिघं गेलो. शहरात जायचं म्हणून आबांनी पटका आणि घोंगडी घरी ठेवली होती. इस्त्रीचा शर्ट, पांढरी टोपी. काचेच्या टेबलापलीकडं मॅनेजर होता, चाळिशीचा, बोलायला मऊ. त्यानं करारनामा पुढं सरकवला आणि सहीची जागा बोटानं दाखवली. मी कागद उलटा करून मागची बाजू वर घेतली. तिथं बारीक अक्षरात अटी होत्या.

"ताई, एवढं कुणी वाचत नाही," तो हसून म्हणाला.

"म्हणून तर तुमी एवढं लिवताय," तात्या म्हणाले.

मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एक शब्द सोडला नाही. "अपरिहार्य कारणास्तव ठरलेल्या हॉलऐवजी दुसरा हॉल देण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील." मी विचारलं, दुसरा म्हणजे कुठला? मागचा पत्र्याचा? त्यावर काट मारून घेतली. आचारी कार्यालयाचाच घ्यावा लागेल, असं होतं. तीही अट काढून घेतली. वेळ सकाळी सहा ते संध्याकाळी सहा लिहिली होती, पण आदल्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांच्या खोल्यांचा उल्लेख नव्हता. तो घालून घेतला. वीज गेली तर जनरेटरचं डिझेल कुणाचं, तेही लिहून घेतलं. मग पाणी आलं. "पाणी उपलब्धतेनुसार पुरवले जाईल."

या ओळीशी मी थांबले. आबांकडं बघितलं. आबाही माझ्याकडंच बघत होते.

"उपलब्धतेनुसार म्हणजे काय?" मी विचारलं. "आमच्याकडं टँकरही उपलब्धतेनुसारच येतो. म्हणजे येत नाही."

त्या एका ओळीवर मी पाऊण तास भांडले. शेवटी मॅनेजरनं पेनानं लिहिलं: पिण्याचे व वापराचे पाणी कार्यक्रम संपेपर्यंत मुबलक देण्यात येईल. खाली सही करून शिक्का मारला.

"जतची माणसं," तो मान हलवत म्हणाला. "नवरा मुलगा नंतर बघतील, आधी नळ बघतील."

आबा मनापासून हसले. त्यांना माझा अभिमान वाटला होता, हे मला दिसत होतं.

पुढच्या बाजूला एक रकाना होता, 'समाज'. तो मी कोरा ठेवला. लग्नाच्या हॉलला माणसाचा समाज कशाला लागतो? मॅनेजर म्हणाला, "भरा की, नुसती माहिती असते." मी म्हणाले, "नुसती असेल तर नकोच." रकान्यावर आडवी रेघ मारली. आजही मारीन.

पाण्याच्या आधी आणखी एक कलम होऊन गेलं होतं. ते मी इथं मुद्दाम मागं ठेवलं, कारण तेव्हाही ते असंच मागं पडलं. कलम बारा. "हॉलमध्ये व स्टेजवर रंग, गुलाल, फोम अथवा कोणत्याही प्रकारची पावडर उडवण्यास सक्त मनाई आहे. तसे आढळल्यास अनामत जप्त करून वीजपुरवठा बंद करण्यात येईल."

हेही मी मोठ्यानंच वाचलं होतं. प्रत्येक शब्द. आबांनी ऐकलं, तात्यांनी ऐकलं.

"पावडर आमी तोंडाला बी लावत न्हाई," तात्या म्हणाले होते, आणि आम्ही तिघंही हसलो होतो.

"समदं बगितलंस न्हवं?" आबांनी शेवटी विचारलं.

"व्हय, आबा."

मग मी सही केली. आबांनी अंगठा दिला असता, पण ते म्हणाले, "तूच कर. तुला कळतंय."

लग्नाच्या दिवशी कार्यालयाचे सगळे नळ धो धो वाहत होते. आमच्या गावच्या बायका बेसिनजवळ उगाच उभ्या राहून हात धूत होत्या, आणि मी ते बघत फिरत होते, जणू ते पाणी मीच खणून काढलंय. आबांनी आज पटका बांधला होता. कमरेला एक लहान लोकरी पिशवी होती. लोकर आमच्याच मेंढरांची. दोन वर्षांपूर्वी शेवटची मेंढरं दिली, तेव्हाची राखून ठेवलेली. तिच्यात बिरोबाचा भंडारा होता.

आमच्या घरात शेवटचं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या, तरी लग्न लागलं असं धरत नाहीत. बापानं लेकीच्या आणि जावयाच्या डोक्यावर भंडाऱ्याची मूठ उधळायची, देवाचं नाव घ्यायचं, सगळ्यांनी चांगभलं म्हणायचं, आणि मग ती लेक सासरची. माझ्या आजोबांनी आत्याच्या लग्नात उधळलेला भंडारा आबा अजून सांगतात. आबांनी आयुष्यभर या एका मुठीची वाट बघितली होती. मेंढरं गेली, पटका सणापुरता राहिला, आम्ही पोरी पुस्तकात गेलो. ती मूठ तेवढी राहिली होती.

शेवटचं मंगलाष्टक संपलं. तांदूळ पडले. आबा स्टेजवर पुढं झाले, पिशवीत हात घातला, पिवळीधमक मूठ वर नेली आणि आवाज चढवला, "बिरोबाच्या नावानं..."

खालून अर्ध्या माणसांचं "चांग..." निघालंही होतं. मॅनेजरनं आबांचं मनगट धरलं. जोरात नाही. पडणाऱ्या म्हाताऱ्याला सावरावं, तसं धरलं.

"काका, पावडर चालत नाही."

आबांनी इकडं तिकडं बघितलं. खरंच बघितलं, कुणी पावडर आणलीय ते.

"कसली पावडर?"

"हातातली, काका."

"आवं सायेब, ह्यो भंडारा हाय."

"तेच ते. करारात आहे. सही कुणाची आहे?"

सगळा हॉल माझ्याकडं वळला, असं म्हणणं खोटं होईल. मागच्या रांगांना काही कळलंच नव्हतं, ते जेवणाच्या दारापाशी सरकत होते. पण आबा वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते एवढंच विचारत होते, तू वाचलं होतंस ना?

मी पायऱ्या चढून वर गेले. "ही पावडर नाही," मी म्हणाले.

"मग काय आहे, ताई?"

चौकात माईक मिळाला की न थांबणारी मी तिथं शब्द चाचपायला लागले. "देवाचं आहे," म्हणाले. मग म्हणाले, "हळद आहे."

"दळलेली?"

"हो."

"दळलेली हळद म्हणजे पावडरच की. तुम्ही शिकलेल्या आहात." त्याचा आवाज खाली आला. "ताई, मी म्हसवडचा आहे. आमच्या यात्रेत देवाच्या रथाला गुलालानं माणसाला माणूस दिसत नाही. मला का कळत नाही? पण मालकांनी एसीची नवी मशिनं बसवली आहेत, हे सगळं आत जातं. कॅमेऱ्यात दिसलं की माझी नोकरी जाते. तुम्ही तो समाजाचा रकाना भरला असता ना, तर मीच त्या दिवशी म्हणालो असतो, भंडाऱ्याचं काय ते आधी बोलून घ्या. मोकळं लॉन दिलं असतं मागचं."

पत्रकात नेहमी एक शत्रू असतो. त्याला नाव असतं, खुर्ची असते, त्याच्या दारावर मोर्चा नेता येतो. इथं कुणाच्या दारावर जाऊ? हा माणूस आमच्यातलाच, नोकरी वाचवणारा. कागदावर सही माझी. ज्या रेघेचा मला अभिमान होता, ती रेघही माझीच.

नवऱ्या मुलाचे वडील जवळ आले. भला माणूस. "राहू द्या, पावणं. घरी जाऊन उधळू की."

मॅनेजरला कणव आली असावी. "गेटच्या बाहेर उधळा, काका. तिथं आमचं काही नाही. जोडप्याला दोन मिनिटं नेऊ."

आबांची मूठ अजून वरच होती. ती हळूहळू खाली आली.

"लेकीचं लगीन गेटाच्या भाईर लागलंय व्हय?" ते म्हणाले. त्यांनी मूठ पिशवीत रिकामी केली आणि नाडी ओढली.

कुणीतरी बँडला खूण केली. जेवणं सुरू झाली. आबा दाराशी उभे राहून प्रत्येक पाहुण्याला हात जोडत होते, आणि जोडलेले हात पिवळे होते. जेवायच्या आधी मी त्यांना बेसिनपाशी नेलं. माझ्या कलमातलं मुबलक पाणी वाहत होतं. आबांनी त्याकडं बघितलं आणि डाव्या हातानं नळ बंद केला. उजवा हात त्यांनी धुतला नाही. जेवलेही नाहीत.

निघताना अक्का त्यांच्या पाया पडली. आबांनी हात उचलला, तिच्या डोक्यापर्यंत नेला आणि थांबले. मान वळवून त्यांनी आधी मॅनेजर कुठं आहे ते बघितलं. मग हात टेकवला.

मी पुष्कळ अपमान बघितलेत. मेंढरं रस्त्यावर आली म्हणून आबांना शिव्या खाताना बघितलंय, कचेरीत ताटकळताना बघितलंय. तेव्हा माझ्या अंगाची आग व्हायची आणि त्या आगीतून काहीतरी लिहून व्हायचं. त्या मान वळवण्यावर मला एक ओळ लिहिता आलेली नाही. हे लिहितेय तेही ओळ सापडली म्हणून नाही.

गावात आता लग्नं अशीच होतात. टँकर तसाच येतो, त्यामुळं कार्यालयं वाढलीत, आणि लोक करार घेऊन माझ्याकडं येतात. मी त्यांना कागद बाजूला ठेवायला सांगते. म्हणते, आधी तुमचं लग्न सांगा. सकाळी पहिल्यांदा काय करता? देव कुठं मांडता? काय जाळता, काय फोडता, काय उधळता, काय वाजवता? घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या. ते सगळं लिहून काढा, त्या प्रत्येक गोष्टीला कार्यालयवाला काय म्हणेल ते त्याच्याच तोंडून ऐका, आणि मग त्याची परवानगी कागदावर घ्या. लोक मान डोलावतात. काही तसं करतातही. पण मला आता ठाऊक आहे की मी त्यांना त्यांचं लग्न दुसऱ्याच्या शब्दांत मांडायला शिकवतेय. त्यावाचून गत्यंतर नाही, हेच मला सहन होत नाही.

अक्का पहिल्या सणाला आली, तेव्हा खुंटीवरची पिशवी काढून आबांपुढं डोकं वाकवून बसली. "आता उधळा."

"ती येळ गेली, बाय," आबा म्हणाले आणि पिशवी परत टांगली.

मागच्या आठवड्यात शेजारच्या मामांच्या मुलीचं ठरलं. त्यांनी कार्यालयाचा करार आणला. मी उंबऱ्यात बसून उलगडला. आबा पलीकडं दावं वळत होते. मला वाटलं, ते ऐकत नाहीत. मी पहिली अट वाचायला घेतली तेवढ्यात ते मान वर न करता म्हणाले, "आदी पावडरचं काय लिवलंय ते बग."

मामांनी विचारलं, "कसली पावडर रं?"

आबांनी खुंटीकडं बोट केलं. "ती."