आईचं मीटर

जर्मनीत नवी होते तेव्हा दोन दिवस भाषेचा वर्ग आणि उरलेले दिवस इमारतींचा अभ्यास, असं माझं चाललं होतं. कोणत्या देशातलं घर माणशी किती वीज आणि गॅस खातं, त्यापायी किती कार्बन हवेत जातो, हा माझा विषय. भारतातला नमुना म्हणून मी बुऱ्हाणपूरचं आमचंच घर निवडलं. आई खोलीतून उठली की पंखा बंद करणार. पाहुणा आत बसलेला असला तरी. आपलं घर सगळ्यांत काटकसरी निघणार, असं मी विद्यापीठातल्या सरांना छातीठोकपणे सांगून बसले.

आईने मी पाठवलेला माहितीचा फॉर्म भरला आणि वर्षभर दर रविवारी मीटर बघून वहीत आकडे लिहिले. मी बेरीज केली आणि माझं तोंडच उतरलं. दोन माणसांचं राजपुरा मोहल्ल्यातलं आमचं घर, आणि विजेत जर्मन शेजाऱ्यांच्या पुढे! त्यात आपली वीज बहुतेक कोळशाची.

फोनवर सांगितलं तर आई भडकलीच. "जिंदगीभर बटनं बंद करत फिरली मी, आन् तू मला उधळी ठरवते? तुझा हिसाबच गलत असंल!"

दोन दिवस तिने माझा फोन उचलला नाही. मला फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी बाबांनी व्हिडिओ लावून दिला, तर मागे मोटार घरघरत होती आणि अंगणात हंड्यांची रांग.

"आई, ही मोटार कसली?"

"बोअरची. तू गेल्यावर घेतली ना. पूरी गल्ली पाणी भरते."

"मग फॉर्मवर माणसं दोनच का लिहिलीस?"

"दिलेलं पाणी कोणी मोजतं का बेटा? पाप लागतं."

मी कपाळावर हात मारला. ती काही मोजेना, म्हणून बाबांनीच हसत हसत गल्लीतली डोकी मोजली. मोटारीचे युनिट सगळ्यांत वाटले आणि आमचं घर काटकसरीत एकदम पहिलं आलं.

आईची कळी खुलली. "आता तुझी खोली मोज. किती जण?"

"मी एकटीच."

"आन् तो हीटर?"

"सहा महिने चालू."

"मग तुझाच आकडा खराब, बाई. घरी ये. वाटून घेऊ."

दिवाळीचं तिकीट मी त्याच आठवड्यात काढलं.