कुंपणाबाहेरचे सापळे

आमच्या गल्लीतल्या निम्म्या फळझाडांना कलम बांधलंय ते थोरलीने. थोरली म्हणजे आमच्या शेजारच्या दोन जावांपैकी मोठी. वीस वर्षं कुणाचं झाड रुसलं की लोक तिच्या दारात. तिला त्याचा तोरा होता, आणि का नसावा? कुणी शिकवलं नव्हतं तिला, बोटं कापून घेत शिकली होती.

मग तो हिरवा भुंगेरा आला. बाहेरून आणलेल्या रोपांच्या मातीतून आला म्हणतात. पान असं खातो की नुसत्या शिरा उरतात. धाकटी जाऊ कीड आवरण्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि त्याचा कागद घेऊन आली, आणि लोक बरणीत भुंगेरे घालून थोरलीच्या दारावरून पुढे धाकटीकडे जायला लागले.

"तीन दिवसांत पंडित झाली," थोरली मला म्हणाली. "मला वीस वर्षांत कुणी कागद दिला का?"

हेवा हे बायकांचं दुखणं म्हणणाऱ्यांनी आमच्या बागायतदार संघटनेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी झाली की पुरुषांची तोंडं बघावीत!

धाकटीने वासाची गोळी घातलेले, खाली पिशवी लावलेले पिवळे सापळे आणले आणि टांगले कुठे, तर कुंपणापलीकडच्या पडीक माळावर. थोरलीला हसू आवरेना. "रोग रेड्याला अन् औषध पखालीला!" तिने दुप्पट सापळे आणले आणि आपल्या आलुबुखाराच्या तीस झाडांत फांदीफांदीला लटकवले. तिने आयुष्यात बांधलेली पहिली कलमं ती. त्या रांगेवर तिचा जीव.

चार दिवसांत सापळ्यांच्या पिशव्या गच्च. एक पिशवी मिरवत ती कुंपणाशी गेली. पलीकडे माळावर धाकटी आपले सापळे बघत होती.

"काय गं, तुझ्यात किती पडले?"

"याच्या निम्मेसुद्धा नाहीत." धाकटीची नजर झाडांवर गेली. "जाऊबाई, सापळे काढा आधी. तो वास लांबलांबून भुंगेरे बोलावतो. शंभर येतात, पन्नास पिशवीत पडतात, बाकीचे जवळच्या पानावर जेवायला बसतात."

"माझी पिशवी भरली म्हणून पोटात दुखतंय वाटतं?"

"दुखतंय. पण झाडांसाठी."

थोरलीने एकही सापळा काढला नाही. आठवड्याभरात शेंड्याच्या पानांची जाळी झाली, कोवळ्या फळांवर भुंगेऱ्यांचे झुबके लोंबायला लागले. तेव्हा कुठे ती धाकटीकडे गेली. माफीबिफी नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "माळावर कुठे टांगू, ते दाखव."

ऊन चढायच्या आत भुंगेरे सुस्त असतात. रोज त्या वेळी दोघी झाडाखाली चादर पसरायच्या, फांद्या झटकायच्या आणि पडलेले भुंगेरे साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. वीस झाडं सावरली. दहांचं फळ गेलं. लोक म्हणाले, धाकटीने बाग वाचवली.

"चादर माझी होती," थोरली मला म्हणाली. "ते बोललं का कुणी?"

संघटनेच्या पुढच्या सभेत मी धाकटीला भुंगेऱ्यावर बोलायला उभं केलं. तिने तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतून थोरली उठली.

"थांब. त्या दहा झाडांचं तू सांगायचं नाहीस. चूक माझी आहे, मीच सांगणार."

आणि तिने सगळं सांगितलं. पिशवी मिरवल्याचंसुद्धा. चांगला पाऊण तास. मी दोनदा घड्याळ दाखवलं, तिने बघितलं नाही. धाकटीला शेवटी पाच मिनिटं उरली.