चाचांच्या कपाळावरची खूण

रमजानमध्ये नमाज कशी सुधारायची, यावरून आज सकाळी या ग्रुपवर तुम्ही एकमेकांची आयबहीण काढलीत. वाचून मला आमच्या घरातलं एक जुनं भांडण आठवलं.

बहात्तरच्या दुष्काळात, नेवाशाजवळच्या आमच्या गावात, अब्बांनीही रमजानभर नमाज नीट पढायचं ठरवलं होतं. वजूसाठी, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुवायला, त्यांनी तांब्याभर पाणी राखून ठेवलं होतं. ते चाचांनी तहानेनं बसलेल्या गाईला पाजलं.

अब्बांनी तोच रिकामा तांब्या धाकट्या भावाच्या कपाळात घातला. रक्त डोळ्यांत उतरत असतानाही चाचांनी त्यांचा गळा आवळला. अम्मा मध्ये पडली नसती, तर त्या दिवशी एकाची मयत निघाली असती.

"पानी नसंल तर कोरड्या मातीवर हात फिरवून भागतं, हे ठाव न्हवतं का तुमाला?" अम्मा किंचाळली.

अब्बांना ठाऊक होतं. माती दारातच पडली होती.

चाचांची ती खूण मरेपर्यंत राहिली. परके लोक तिला सजदे करून, म्हणजे नमाजेत जमिनीला कपाळ टेकवून, पडलेला डाग समजायचे आणि आदरानं सलाम करायचे. तेव्हा अब्बा मान खाली घालायचे.

आज तुम्ही एकमेकांना केलेल्या जखमा उद्या कशाच्या खुणा म्हणून मिरवाल?